पाय रोज बघायचे: भेगा, चिखल्या, कुरूप आणि साखरेच्या पेशंटचे पाय

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी उतरलं तेव्हा आमच्या घरात गुडघाभर गाळ होता. सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातलं आमचं गाव अगदी नदीकाठचं. आठ-दहा दिवस घरातली सगळी माणसं त्या गाळात उभी राहून घमेली भरत होती. माझे सासरेही होते. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. साखरेचा आजार तेव्हा त्यांना बारा वर्षांचा झाला होता. पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या, पण गावात कुणाला झाल्या नव्हत्या? मामांचं काही दुखत नव्हतं, म्हणून कुणी बघितलं नाही.

पंधरा दिवसांनी अंथरूण आवरताना चादरीच्या पायथ्याकडं रुपयाएवढा पिवळट डाग दिसला. वास आला. मामांचा पाय उजेडात धरून बोटं फाकवली, तर करंगळीच्या बेचकीत खोल चीर पडलेली आणि आतून पू येत होता. तरी ते म्हणाले, "काय दुखत न्हाई गं, लाव काहीतरी." जवळच्या एका दवाखान्यात इंजेक्शन घेतलं, औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली आणि त्यात आठ दिवस गेले. मिरजेला पोहोचलो तोवर करंगळी काळी पडली होती. ती काढावी लागली. पाय वाचला.

तेव्हापासून घरातले पाय मी बघते: मामांचे, आत्तींचे म्हणजे सासूबाईंचे, नवऱ्याचे आणि माझे. या काळात डॉक्टरांकडून, ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरांकडून आणि चपला बनवणाऱ्या कारागिराकडून जे शिकले ते इथं क्रमानं लिहिते. घरात नुकतीच कुणाला साखर निघाली असेल किंवा पायांचं दुखणं पहिल्यांदाच मागं लागलं असेल, तर पहिल्या तीन पायऱ्या आजच करा.

## १. सामान एका डब्यात ठेवा

आमच्याकडं बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात एवढंच असतं:

- हातात धरायचा लहान आरसा
- नेलकटर, सरळ पात्याचं असेल तर उत्तम
- जुन्या सुती लुगड्याचे धुतलेले फडके
- युरिया असलेलं क्रीम, नाहीतर साधी व्हॅसलिन
- क्लोट्रिमाझोल १ टक्क्याचं साधं मलम
- सलाइनची छोटी बाटली, निर्जंतुक गॉज आणि कागदी पट्टी
- वजरी (साखर नसलेल्यांपुरती, साखरेच्या पेशंटच्या पायाला ती लावायची नाही)
- वही आणि पेन

ब्लेड या डब्यात नको. बिब्बाही नको. का ते पुढं येईलच.

## २. रोज संध्याकाळी धुवा, पुसा, बघा

धुणं सगळेच धुतात, राहतं ते पुसणं. शेतावरून आलं की मोरीत पाय खळाखळा धुवायचे आणि ओलेच चपलेत घालायचे, ही आपल्याकडची रीत. पाय कोमट पाण्यानं आणि साध्या साबणानं धुवा. पाणी किती गरम आहे ते पायानं बघायचं नाही, हाताच्या कोपरानं बघायचं. ज्याच्या पायाला बधिरपणा आहे त्याला कढत पाणीही कोमटच वाटतं.

नंतर फडक्यानं टिपून घ्या. प्रत्येक बेचकीत फडक्याचं टोक घालायचं, खसाखसा घासायचं नाही. मी दर वेळी करंगळीकडून सुरुवात करते, कारण तिथली बेचकी सगळ्यांत अरुंद असते आणि ओल तिथंच राहते.

मग उजेडात बसून बघा. तळवा, टाच, टाचेच्या कडा, नखांचे कोपरे, सगळ्या बेचक्या. स्वतःचा तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून पाय वर धरा. म्हाताऱ्या माणसाला वाकता येत नाही आणि नजरही कमी झालेली असते, तेव्हा ते काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी अंगावर घ्यावं. नवा फोड, लालसर डाग, भेगेतून आलेलं रक्त, एखादी जागा हाताला जास्त गरम लागणं, दोन पायांच्या रंगात किंवा सुजेत फरक, हे टिपायचं. काही दिसलं तर तारीख घालून वहीत लिहा आणि मोबाइलवर फोटो काढा. "कधीपासून आहे?" या डॉक्टरांच्या प्रश्नाला घरातली चार माणसं चार उत्तरं देतात. फोटोवर तारीख असते.

## ३. स्पर्श कळतोय का, घरीच तपासा

ही तपासणी मला कुणी आधी सांगितली असती तर मामांची करंगळी आज असती, असं मला मनापासून वाटतं.

माणसाला झोपवा आणि डोळे मिटायला सांगा. आपल्या बोटाच्या टोकानं त्याच्या उजव्या पायाचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना हलकेच एक-दोन सेकंद स्पर्श करा. मग डाव्या पायाला तसंच. दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. स्पर्श झाला की त्यानं "डावा" किंवा "उजवा" म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पायांची संवेदना कमी झाली आहे असं धरून डॉक्टरांकडं जायचं.

दवाखान्यात हीच गोष्ट १० ग्रॅमच्या नायलॉनच्या तारेनं आणि कंप पावणाऱ्या चिमट्यासारख्या ट्यूनिंग फोर्कनं बघतात. पावलावरची नाडीही हातानं चाचपतात, कारण रक्तपुरवठा कमी असेल तर जखम भरत नाही. साखरेच्या प्रत्येक पेशंटची ही तपासणी वर्षातून एकदा तरी व्हायला हवी. बऱ्याचदा ती होत नाही, कारण पेशंट चपला काढतच नाही आणि गर्दीत कुणी सांगतही नाही. खुर्चीत बसल्याबरोबर चपला-मोजे काढून ठेवा आणि "पाय बघता का" म्हणून स्वतः विचारा.

पायाला मुंग्या येणं, रात्री तळव्यांची आग होणं, चालताना कापसावर पाय पडल्यासारखं वाटणं, चप्पल पायातून निसटली तरी न कळणं, ही सगळी नसांवर परिणाम झाल्याची लक्षणं आहेत. "दुखत नाही" याचा अर्थ "बरं आहे" असा घ्यायची सवय आम्हाला होती. साखरेच्या माणसाच्या बाबतीत तो अर्थ घेऊ नका.

## ४. चिखल्या

आमच्या जिल्ह्यात दोन टोकं आहेत. शिराळ्याकडं भातलावणीच्या चिखलात उभं राहून चिखल्या, आणि जत-आटपाडीकडं कोरड्या वाऱ्यानं भेगा. आम्ही नदीकाठचे, आमच्याकडं दोन्ही.

चिखल्या म्हणजे बेचकीतली कातडी ओलीनं पांढरी, भिजलेल्या पोह्यासारखी होते, सोलते, खाजते, आणि त्यावर बुरशी वाढते. चौथ्या बोटाच्या आणि करंगळीच्या मधली जागा बहुधा पहिली. उपाय दोन भागांत आहे, कोरडं ठेवणं आणि औषध. नुसत्या औषधानं जात नाही.

दिवसातून दोनदा धुऊन, पूर्ण कोरडं करून, क्लोट्रिमाझोलचं मलम पातळ लावा. खाज चार दिवसांत थांबते आणि माणूस मलम ठेवून देतो. इथंच ती परत येते. कातडी चांगली दिसायला लागल्यावरही आणखी दोन आठवडे लावायचं, म्हणजे सगळे मिळून साधारण चार आठवडे. गमबूट वापरत असाल तर ते आतून धुऊन, काठीवर उलटे टांगून सुकवा. पावसाळ्यापुरते दोन जोड घेतले तर एक दिवसाआड घालता येतात. मोजे सुतीच घ्या, आणि घरात एकाला असेल तर पाय पुसायचा फडका त्याचा वेगळा.

इथं फसायला होतं: दुकानात "खाजेची ट्यूब द्या" म्हटलं की अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं मलम हातात येतं. लावल्या लावल्या खाज थांबते, म्हणून माणूस खूश होतो. पण स्टेरॉइडनं बुरशी मरत नाही, उलट आतल्या आत पसरते. मामांना आणलेली ट्यूब तशीच होती. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांतलं काही लिहिलेलं असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावू नका.

बेचकीला चीर पडली, वास यायला लागला, पू दिसला किंवा लाली पावलावर चढायला लागली, की ते घरच्या मलमाचं काम राहिलं नाही. चीर म्हणजे जंतूंना आत शिरायला दार मिळालं. धावरं याच दारानं येतं: पाय लाल, गरम, सुजलेला, सोबत थंडीताप.

## ५. भेगा

दहा-पंधरा मिनिटं पाय कोमट पाण्यात ठेवा. कातडी मऊ झाली की वजरी हलक्या हातानं, एकाच दिशेनं फिरवा. एका दिवसात सगळी टाच गुळगुळीत करायला जाऊ नका, आठवड्यातून दोनदा थोडं थोडं. मग ओल टिपून लगेच क्रीम लावा आणि रात्रभर सुती मोजे घाला. युरियाचं क्रीम जाड कातडीवर चांगलं काम करतं. आत्तींचा विश्वास कोकमाच्या तेलावर. त्याचा पांढरा गोळा चमच्यात वितळवून कोमट असताना भेगेत सोडतात. त्यात वाईट काही नाही, टाच मऊ राहते. फक्त कढत तेल सोडायचं नाही. आणि क्रीम असो वा तेल, बोटांच्या बेचकीत लावायचं नाही, तिथं ओल टिकली की चिखल्या होतात.

साखरेच्या पेशंटनं पाय भिजत ठेवायचे नाहीत आणि वजरीही फिरवायची नाही. धुवायचे, टिपायचे, क्रीम लावायचं, बास.

आता बिब्बा. आपल्या भागात भेगेत, कुरुपावर, काटा मोडलेल्या जागी बिब्ब्याचा चटका द्यायची पद्धत जुनी आहे. दाभण तापवून बिब्ब्यात खुपसायचं आणि निघालेलं काळं तेल भेगेत सोडायचं. त्या तेलानं कातडी जळते. आत्तींच्या टाचेवर एका वर्षी बिब्बा उतला होता. चिंचोक्याएवढे फोड घोट्यापर्यंत आले, आठवडाभर पाय टेकवता येत नव्हता. त्यांना साखर नाही, त्यांना दुखलं, म्हणून त्या वेळेवर दवाखान्यात गेल्या. मामांच्या बधिर पायाला तोच बिब्बा लावला असता तर त्यांना कळलंही नसतं. रुईचा चीक, चुना, ॲसिड हे सगळं याच रांगेतलं.

भेगेत हळद भरणं हेही घरोघरी चालतं. सांगलीच्या हळदीचा अभिमान मलाही आहे, आमच्या शेतात ती पिकते. पण उघड्या जखमेत भुकटी भरली की तिची खपली होते, घाण आत राहते, आणि डॉक्टरांना जखमेचा खरा रंग दिसत नाही. रक्त येणारी भेग सलाइननं धुवा, गॉज लावा.

## ६. नखं आणि कुरूप

नखं सरळ कापा, कोपरे गोल करू नका, आत खोदू नका. अंगठ्याचं नख मांसात रुतण्याचं मोठं कारण तेच. आंघोळीनंतर मऊ असताना कापणं सोपं जातं. नख जाड, पिवळं, भुगा पडणारं झालं असेल तर ती बहुधा बुरशी, तिला डॉक्टरांचं औषध लागतं आणि धीर लागतो. पायाचं नख मुळापासून नवं यायला वर्ष-दीड वर्ष जातं.

कुरूप दाबानं होतं. चप्पल जिथं घासते किंवा हाड जिथं टेकतं तिथं कातडी स्वतःला वाचवायला जाड होते. म्हणून चप्पल न बदलता कुरूप कापलं तर ते परत येतंच. वरून दाबल्यावर दुखतं ते बहुधा कुरूप. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखतं आणि आत काळे ठिपके दिसतात ती चामखीळ असू शकते, तिचा उपचार वेगळा. कुरुपाच्या तयार पट्ट्यांत सॅलिसिलिक ॲसिड असतं. साखर असलेल्यांनी किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी त्या कधीही लावू नयेत.

## ७. काटा, बुडखं आणि पुराचं पाणी

ऊस तुटलेल्या रानात बुडखी तिरकी कापलेली असतात, चाकूसारखी. ज्वारीची धसकटंही तशीच. अशा रानात स्लिपर घालून जाणं म्हणजे अनवाणी जाणंच. जाड तळाचे बंद बूट हवेत.

लागलंच तर वाहत्या पाण्याखाली साबणानं चांगलं पाच मिनिटं धुवा. काट्याचं टोक दिसत असेल तरच स्वच्छ चिमट्यानं काढा, मोडून आत गेलेला काटा सुईनं उकरू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन आधी कधी घेतलंय ते आठवा. मातीची, शेणाची जखम असेल आणि मागच्या डोसाला पाच वर्षं उलटली असतील तर परत घ्यावं लागतं. वहीच्या पहिल्याच पानावर ही तारीख लिहून ठेवा.

पुराच्या किंवा साचलेल्या पाण्यातून चालल्यावर वेगळी भीती असते ती लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची. उंदरांच्या आणि जनावरांच्या मुतातले जंतू पाण्यात येतात आणि पायाच्या चिरेतून अंगात शिरतात. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांच्या धोक्याच्या पातळीकडं सरकू लागलं की आमच्याकडं आवराआवर सुरू होते. त्या सामानात मी आता गमबूट आणि पायाचा डबा आधी भरते. गाळ काढायची वेळ आली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्यांबद्दल विचारा, कुणाला द्यायच्या आणि कुणाला नाही ते डॉक्टर ठरवतात. नंतर ताप आला तर "आम्ही पुराच्या पाण्यात होतो" हे पहिलं वाक्य सांगा.

## ८. सकाळी टाच टेकवत नसेल तर

सकाळचं पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येते, दहा पावलं चालल्यावर कमी होते. हे तळव्याच्या पडद्याला सूज आल्यामुळं होतं. दिवसभर फरशीवर उभ्या राहणाऱ्या बायकांना आणि अचानक वजन वाढलेल्यांना जास्त. अंथरुणातून उठण्याआधी पायाची बोटं हातानं अंगाकडं ओढून धरा, पिंढरीला ताण द्या, गोठवलेल्या पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवा (बधिर पायानं हे नको), आणि घरातही मऊ चप्पल घाला. एक्स-रेत हाड वाढलेलं दिसलं म्हणून घाबरू नका, ते न दुखणाऱ्या टाचेतही दिसतं. बरं व्हायला काही महिने लागतात.

## ९. पायात काय घालायचं

- चप्पल संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाय थोडा फुगतो, सकाळी बरोबर बसलेली चप्पल रात्री चावते.
- कोऱ्या कागदावर उभं राहून दोन्ही पावलांची बाह्यरेषा काढा आणि कागद कापून दुकानात न्या. तो चपलेवर ठेवल्यावर कडेनं दुमडला तर ती चप्पल तुमची नाही.
- सगळ्यांत लांब बोटापुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी.
- बधिर पायासाठी अंगठ्याची चप्पल नको. एमसीआर म्हणजे मऊ दाणेदार रबराचा आतला थर, वर रुंद पट्टे आणि मागं टाचेला पट्टा, अशी चप्पल मागा.
- घालण्याआधी रोज उलटी करून झटका आणि आत हात फिरवा.

ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल. मामांच्या चपलेत एकदा हरभऱ्याएवढा खडा निघाला. सकाळपासून गोठ्यात, रानात, पारावर ते त्याच चपलेत फिरले होते. तळव्यावर खड्याच्या आकाराचा लाल खळगा होता. त्या दिवशी संध्याकाळी बघितला म्हणून तो तेवढ्यावरच थांबला.

कोल्हापुरी चपलेबद्दल विचारतात म्हणून लिहिते. तिला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात सांगली आणि सातारा हे जिल्हेही आहेत, आपल्याच मातीची वस्तू आहे. ज्यांच्या पायाला स्पर्श नीट कळतो त्यांनी हौसेनं घालावी. नवी असताना तेल लावून, रोज तास-दोन तास घालून मऊ करून घ्यावी. बधिर पायाला मात्र कडक चामडं आणि अंगठा दोन्ही धोक्याचे.

## १०. वारी, अनवाणी नवस आणि तापलेली फरशी

माझं माहेर फलटणकडचं. माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते, पुढं तरडगाव, फलटण, बरड. माहेरच्या अंगणात पाय सुजलेले, फोड आलेले वारकरी दरवर्षी बसतात आणि आई त्यांच्या पायांना तेल लावते. तिचं म्हणणं एकच, नव्या चपला घालून आलेल्यांचे हाल सगळ्यांत जास्त. निघण्याआधी महिनाभर त्याच चपलांत रोज चाला. फोड आला तर वरची कातडी काढू नका, ती खालच्या जखमेचं झाकण असते. गॉज लावून चाला.

नवरात्रात अनवाणी राहण्याचा नवस साखरेच्या माणसानं करू नये. मामांनी देवीला हात जोडून तो सोडला. औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला जातो तेव्हा आम्ही सकाळी लवकर जातो आणि ते जाड सुती मोजे घालतात. एप्रिल-मेच्या दुपारची दगडी फरशी बधिर पायाला भाजते आणि कळत नाही. शेकोटीजवळ पाय धरणं, गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवून झोपणं, हेही त्यातलंच.

## ११. कधी धावायचं आणि सोबत काय न्यायचं

साखरेच्या पेशंटच्या पायाला कुठलीही उघडी जखम झाली तर दुसऱ्या दिवसापर्यंत डॉक्टरांनी बघितली पाहिजे. पाय लाल होऊन गरम झाला, बोट काळं किंवा निळं पडलं, पू आणि वास आला, ताप आला, पाय अचानक गार पडून दुखायला लागला, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. दुखत नसताना पाऊल सुजून गरम झालं तरी त्याच दिवशी, कारण आत हाडं ढासळत असू शकतात आणि त्यावर चालत राहिलं तर पावलाचा आकारच बिघडतो.

सोबत न्या: जुने केसपेपर, तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं, औषधाची ॲलर्जी असेल तर तिची चिठ्ठी, जखमेचे तारखेचे फोटो, रोज घालायची चप्पल, रेशनकार्ड आणि आधारकार्ड. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते भरती होण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. आम्ही भरती झाल्यावर तिसऱ्या दिवशी विचारलं आणि रेशनकार्ड आणायला नवऱ्याला रात्री गावाकडं यावं लागलं.

ड्रेसिंग सुरू झालं की सगळ्यांत अवघड भाग येतो, तो म्हणजे त्या पायावर न चालणं. तळव्याच्या जखमेवर प्रत्येक पावलाला सगळं वजन पडतं, मग उत्तम औषधही काम करत नाही. मामा "एवढं धारेला जाऊन येतो" म्हणत उठायचे. शेवटी धार नवऱ्यानं घेतली, कुबड्या आणल्या आणि खाट गोठा दिसेल अशी दारात टाकली. बिडी त्याच महिन्यात सुटली, कारण धुरानं पायाच्या रक्तवाहिन्या आणखी आकसतात हे डॉक्टरांनी त्यांना चित्र काढून दाखवलं होतं.

एकदा जखम होऊन गेलेल्या पायाला ती परत व्हायचा धोका जास्त असतो, म्हणून अशा माणसाला एक ते तीन महिन्यांनी पाय दाखवायला न्यावं लागतं. मामांना दर दोन महिन्यांनी नेतो. पुढची तारीख डब्यातल्या वहीत लिहिलेली आहे, आणि आदल्या रात्री ते स्वतःच चपला पुसून उंबऱ्याशी ठेवतात.